पावसाळा काढलेली माणसं

आमच्या तलासरीकडे बाहेरून आलेल्या माणसाबद्दल जुनी माणसं एकच गोष्ट विचारत: त्याने इथे पावसाळा काढला का? शिक्षण, हुद्दा, पक्ष, धर्म हे सगळं नंतर. हिवाळ्यात इथे कोणीही येतं. हवा चांगली असते, भात झोडून झालेलं असतं, ताडीला गोडवा असतो, पाड्यापाड्यावर तारपा वाजत असतो. जूनमध्ये मात्र पहिले चार मोठे पाऊस पडले की ओहोळ भरायचे आणि पाडे एकमेकांपासून तुटायचे. आज मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीच्या मधून जातो, त्यामुळे नव्या पोरांना हे सांगून खरं वाटत नाही. पण माझ्या लहानपणीसुद्धा पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीतून न्यायचं, आणि ओहोळाला पाणी असेल तर ते उतरेपर्यंत अलीकडच्या काठावर बसून राहायचं, हे आम्हाला नेहमीचं होतं.

पावसाळा म्हणजे नुसतं पाणी नव्हे. नागली-वरईच्या कणग्या ज्येष्ठातच तळाला जायच्या आणि नवं पीक दसऱ्याच्या सुमाराला यायचं. लावणीचं सगळ्यात अंगमेहनतीचं काम नेमकं या उपासाच्या दिवसांत. मग सावकाराच्या दारी जाऊन खावटी आणायची. एक मण नेलं तर पीक आल्यावर दीड मण, नाहीतर दुप्पट. ते फिटलं नाही की त्याच्या शेतावर वेठ. लग्नासाठी पैसे उचलले असतील तर नवरा-बायको दोघंही सावकाराचे लग्नगडी. त्याची नांगरणी, त्याचं गवत, त्याची गुरं, त्याच्या घरचं शेणसारवण, आणि कर्ज कधी फिटतं ते सावकाराच्या वहीलाच ठाऊक. माझी आजी लग्नगडी होती. अंगाची हळद उतरण्याआधी ती मालकाच्या खळ्यावर कामाला उभी राहिली. याहून जास्त ती कधी बोलली नाही. मुंबई सरकारने नेमलेल्या डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीचा अहवाल दिला. त्यात वेठ आहे, मारहाण आहे, सावकारी आहे. मोठेपणी तो वाचला तेव्हा आजीने गिळून टाकलेलं बरंच काही मला कळलं.

अशा मुलखात लांबून येऊन ज्यांनी चूल मांडली, त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे. त्यांतले बरेचसे जोडीने आले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकट्या माणसाला पाड्यावर लवकर कोणी घरात घेत नाही. नवरा-बायको आले, किंवा दोघी बाया आल्या, तर दुसऱ्या बाईला दार उघडावंसं वाटतं.

सगळ्यात लांबून आले ते अमेरिकेतल्या ब्रदरन पंथाचे लोक. हा पंथ १७०८ मध्ये जर्मनीत निघाला, छळाला कंटाळून अमेरिकेत गेला आणि तिथे शेतकऱ्यांत रुजला. हे लोक तेव्हा हत्यार धरत नसत, साधे कपडे घालत, दारूला शिवत नसत. १८९४ मध्ये विल्बर आणि मेरी स्टोव्हर हे दाम्पत्य आणि त्यांच्याबरोबर बर्था रायन बोटीने निघाले आणि वलसाडला येऊन राहिले. पुढच्या पाच-सहा वर्षांतच छप्पन्नचा दुष्काळ पडला, विक्रम संवत १९५६ चा, ज्याला गुजरातेत छप्पनिया म्हणतात. अनाथ पोरं सांभाळण्यातच मिशनचं बळ खर्ची पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच मिशनचे अॅडम आणि अॅलिस ईबी डहाणूला आले. आगगाडी १८६० च्या दशकातच इथून सुरू झाली होती, त्यामुळे डहाणू रोडपर्यंत येणं सोपं होतं. त्याच्या पुढे बैलगाडी, नाहीतर पाय.

त्यांच्या रोजच्या जगण्याचा विचार मी खूपदा करते. अमेरिकेच्या थंड मुलखातली ही शेतकरी माणसं. आधी भाषा शिकायची. वलसाडकडे गुजराती, डहाणू-पालघरकडे मराठी, आणि मराठी तोंडात बसते न बसते तोच पाड्यावरचे आमचे लोक वारलीत बोलणार. उन्हाळा अंगाला मानवत नाही म्हणून थंड हवेच्या ठिकाणी जायची मिशनऱ्यांची रीत होती, पण पावसाळा खालीच काढायचा. मुलं शिकायच्या वयाची झाली की मसुरीजवळ लंढौरच्या वुडस्टॉक शाळेत पाठवायची आणि आई-बापांनी इथे राहायचं. काही वर्षांनी एकदा रजा, म्हणजे बोटीचा आठवड्यांचा प्रवास. ज्यांनी अशी दोन-तीन दशकं काढली ते इथेच तरण्याचे म्हातारे झाले. मागे मायदेशात त्यांच्याही आई-बापांची म्हातारपणं गेली असतील, आणि ती त्यांना पत्रांतूनच कळली असतील.

डॉ. बार्बरा निकी १९१५ मध्ये भारतात आल्या. डहाणूच्या मिशन दवाखान्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. बाई डॉक्टर असणं ही त्या काळी किती मोठी गोष्ट होती हे आजच्या मुलींना सांगावं लागतं. आमच्याकडे बाळंतपण सुईणीच्या हातचं. भगत अंगारा लावून जायचा. पण मूल आडवं आलं, दोन रात्री उलटून गेल्या, तर कुठे जायचं? बाप्या डॉक्टरपुढे बाई झोपली नसती, मेली असती. दवाखान्यात बाई आहे एवढ्या एका कारणासाठी कित्येक डोल्या डहाणूच्या वाटेला लागल्या.

ब्रदरन पंथाचा एक विधी मला विसरता येत नाही. प्रभुभोजनाआधी ते एकमेकांचे पाय धुतात. पाणी घेऊन, खाली वाकून, टॉवेलने पुसून. मग एकत्र साधं जेवण. पाहुण्याचे पाय धुणं आपल्याकडेही आहे, पण कोणी कोणाचे धुवायचे हे जन्माआधीच ठरलेलं असतं. ज्या तालुक्यात सावकारासमोर वारल्याला ताठ उभं राहता येत नव्हतं, त्याच तालुक्यात एका खोलीत माणसं आळीपाळीने एकमेकांपुढे वाकत होती. वारली समाज मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाला नाही. आमची दैवतं, कणसरी, हिरवा आणि वाघ्या, जिथल्या तिथे राहिली. वेठ मोडणारं आंदोलनही मिशनच्या आवारातून उभं राहिलं नाही. पण ज्यांचं लेकरू त्या दवाखान्यात जगलं त्यांना या हिशेबाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि मलाही ते ऋण मोकळेपणाने मान्य करावंसं वाटतं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ब्रदरनही सामील झाले.

आता गोदाराणी, म्हणजे गोदावरी परुळेकर, आणि शामराव. यांच्याबद्दल लिहिताना माझा हात थोडा कापतो, कारण हे आमच्या घरचं आहे.

गोदावरी गोखले पुण्याच्या, जन्म १९०७ चा, कायद्याची पदवी घेतलेल्या. घरात सुखवस्तूपणा. भारत सेवक समाजात आजीव सदस्य म्हणून घेतल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. शामराव परुळेकरही त्याच संस्थेत होते. १९३७ मध्ये ते डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून आले आणि खोती रद्द व्हावी म्हणून कोकणातल्या शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले. १९३९ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्याच सुमाराला ते कम्युनिस्ट पक्षात आले, आणि युद्धविरोधी चळवळीसाठी दोघंही तुरुंगात गेले. म्हणजे आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा संसार असा काही नव्हताच. सभा, तुरुंग आणि पुन्हा सभा.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. तिथे उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली पोहोचले. त्यांच्यातल्या माह्या धांगडाने उभं राहून आपलं दुःख सांगितलं. तेव्हा तलासरी हा वेगळा तालुका नव्हता. आमची गावं ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यात होती. १९६० मध्ये दोन राज्यं झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. २३ मे १९४५ रोजी झरीला वारल्यांची परिषद झाली. हजारो माणसं जमली. वेठ करायची नाही, फुकट राबायचं नाही, रोजाला बारा आणे रोख घेतल्याशिवाय मालकाच्या जमिनीवर पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं.

ऑक्टोबरात गवतकापणीचा संप झाला. हा भाग सगळे सांगतात. आमच्याकडचं गवत गाठी बांधून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना जायचं. व्यापारी त्यावर गब्बर झाले होते. पाचशे रतल गवत कापायला अडीच रुपये द्या, ही मागणी होती. पावसाळा सरताच गवत उभं असतं, वाळून पडण्याआधी कापावं लागतं, म्हणून संपाची वेळ अचूक होती. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. त्यांतला पहिला जेठ्या गांगड. परुळेकर पती-पत्नींना जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं.

पुस्तकांत मे येतो आणि ऑक्टोबर येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मे आणि ऑक्टोबर यांच्या मधे पावसाळा होता. झरीची परिषद पाऊस सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीची. तिथे ठरलेलं टिकलं की नाही हे खावटीच्या दिवसांत, भरल्या ओहोळांच्या पलीकडे, पोट रिकामं असताना ठरायचं होतं. वेठ नाही म्हटलं की सावकार खावटी बंद करणार हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा पाड्यापाड्यावर चालत जाणं, झोपडीत मुक्काम करणं, पुढारी कुठे पळून गेलेले नाहीत हे लोकांना दिसणं, याच्यावर सगळं अवलंबून होतं.

असा मुक्काम म्हणजे काय, ते मी सांगू शकते, कारण ते घर माझं आहे. कारवीच्या कुडाची, शेणाने लिंपलेली भिंत. एकच मोठी खोली, तिच्यात माणसं, कोंबड्या आणि पलीकडे बैल. पावसात चुलीचा धूर बाहेर जात नाही, डोळे चुरचुरतात. पाहुण्याला द्यायला पेज, नागलीची अर्धी भाकर, आणि असलीच तर सुक्या बोंबलाची चटणी. श्रावणात तेही सरायचं. मग कडूकंद. रानातून कंद खणून आणायचा, साल काढायची, पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या. मग टोपलीत भरून, वर दगड ठेवून, ओहोळाच्या वाहत्या पाण्यात रात्रभर सोडायच्या. सकाळी आजी एक चकती जिभेच्या टोकाला लावून बघायची. खाज आली तर टोपली पुन्हा पाण्यात. घाई केली तर घसा सुजतो, माणूस आजारी पडतो. पुण्याच्या वकील बाईने हे खाल्लं असेल का, असं मी आजीला विचारलं होतं. "घरात दुसरं होतं काय?" एवढंच ती म्हणाली.

आजीच्या सांगण्यात पुढाऱ्यांची भाषणं नव्हती. पांढरपेशी बाई पाड्यावर आली की ती सावकाराच्याच घरची असणार म्हणून बाया आत पळायच्या, मग हळूहळू दारात उभ्या राहायला लागल्या, असं ती सांगायची. ती स्वतः मालकाच्या घरून निघाली आणि परत गेली नाही, तो दिवसही तिने कधी तारखेने सांगितला नाही. भात पोटरीला आलं होतं, असं म्हणायची. म्हणजे भाद्रपद. ऑक्टोबरच्या आधी.

शामराव १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. चीनच्या युद्धानंतर दोघांनाही स्थानबद्ध केलं गेलं, आणि १९६५ मध्ये शामराव तुरुंगातच वारले. पत्नीही तेव्हा कैदेतच होत्या. जोडीतलं एक माणूस गेलं. बाई मात्र तलासरीला परत आल्या. तिथल्या वसतिगृहाच्या कामात राहिल्या, आणि १९७० मध्ये त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' प्रसिद्ध झालं. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्याकडे हे पुस्तक ज्यांच्याविषयी होतं त्यांतल्या फार थोड्यांना वाचता येत होतं. मी आजीला त्यातली पानं वाचून दाखवली. ती मधेच थांबवून नावं दुरुस्त करायची, कोण कोणाचा मेहुणा ते सांगायची. आज तलासरीत गोदावरी शामराव परुळेकर यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. पोरी पाठीवर दप्तर टाकून जाताना दिसतात.

आणि तिसरी जोडी, जिच्या शिकवणीत मी घडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ हे आमच्या भागाचं विलक्षण साल. मेमध्ये झरी, ऑक्टोबरात तलवाडा, आणि २४ डिसेंबरला समुद्राकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबरचं काम, नूतन बाल शिक्षण संघ, दादरचं शिशुविहार, एवढं सगळं मागे उभं होतं. या वयात माणसं आवरतं घेतात. त्यांनी खेड्यात नव्याने बिऱ्हाड मांडलं. अनुताई ३५ वर्षांच्या, मोरगावच्या, लहानपणीच वैधव्य आलेल्या, पुण्यात शिक्षिका असलेल्या. पुढे १९५७ च्या सुमाराला केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आलं आणि मग या दोघी आमच्या म्हणजे वारल्यांच्या झाल्या.

शाळा काढली तर पोरं येईनात. कशी येणार? मोठं पोर गुरांमागे, मधलं पोर धाकट्याला कडेवर घेऊन. मग शाळाच गुरांमागे गेली. कुरणात, झाडाखाली, जिथे पोरं गुरं सोडून बसत तिथे शिकवायचं. ती कुरणशाळा. धाकट्यांसाठी पाळणाघर, त्यांच्याहून मोठ्यांसाठी बालवाडी, आणि त्याला लागूनच प्राथमिक शाळा, ही विकासवाडी. अंगणात भरवलेली बालवाडी ती अंगणवाडी. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा हे नाव देशभर गेलं.

मी कोसबाडला शिकले तेव्हा ताराबाई नव्हत्या. १९७३ मध्ये त्या गेल्या. कोसबाडची रीत मात्र जशीच्या तशी होती. माँटेसरी बाईंची साधनं परदेशी, महाग, चकचकीत लाकडाची. आम्हाला ती विकत मिळणार नव्हती, म्हणून शिंपले, गुंजा, चिंचोके, काजूच्या बिया, नदीतले गोटे, बांबूच्या कांड्या. बांबूच्या कांड्या उंचीप्रमाणे कापायच्या आणि दोन्ही टोकं विटकरीवर घासायची. कूस राहिली की पोराच्या बोटात जाते आणि ते पोर पुन्हा त्या वस्तूला हात लावत नाही. गोटे हलका-जड असे निवडायचे, पण आकार सारखा हवा, नाहीतर पोर डोळ्याने ओळखतं, हाताने तोलत नाही. सकाळचं पहिलं काम आंघोळ. नखं कापणं, केस विंचरणं, खरजेला औषध. पावसाळ्यात हजेरी अर्ध्यावर यायची, तेव्हा पोरं आणायला पाड्यावर जायचं. हे सगळं शिक्षण आहे, असं मानणारी माणसं तेव्हा फार नव्हती.

मिशनऱ्यांनी दवाखाना दिला, परुळेकरांनी वेठ मोडली. दोघांपैकी कोणी मोठं, कोणी लहान असं मी ठरवत बसत नाही. पण माझ्यापुरतं सांगायचं तर वेठ मोडली नसती तर मी कोसबाडला पोहोचलेच नसते, मालकाची गुरं राखत असते. आणि कोसबाड नसतं तर वेठ मोडल्यावर हात मोकळे झाले, त्या हातांत पाटी कोणी दिली असती, हे मला सांगता येत नाही.

ताराबाई गेल्यावर अनुताई मागे राहिल्या, तशाच शामरावांमागे गोदावरीबाई. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत दोन म्हाताऱ्या बाया, विचारांनी दोन टोकांच्या. १९८२ मध्ये अनुताईंनी रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही संस्था सुरू केली. तेव्हा त्यांचं वय ७२. १९८६ मध्ये गोदावरीबाई अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा त्या ऐंशीला टेकल्या होत्या. एक १९९२ मध्ये गेली, दुसरी १९९६ मध्ये. दोघींनी निवृत्ती असा काही प्रकार मानलाच नाही.

खावटीचं पुढे सरकारने ऐकलं. १९७८ मध्ये आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना आली, पावसाळ्यात सावकाराकडे जावं लागू नये म्हणून. करोनाच्या काळात त्याचं अनुदान झालं, कुटुंबाला चार हजारांचं, अर्धं रोख, अर्धं धान्य-किराणा. पण आता दुसरंच संकट आहे. पावसाळा संपला, भात घरात आलं की आमची तरणी माणसं बाहेर पडतात. कोणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कोणी गुजरातेत मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून. पाड्यावर उरतात आजा-आजी आणि नातवंडं. बालवाडीत पोरांना सोडायला आता आई येत नाही, काठी टेकत आजा येतो. त्या आजा-आजींशी बसून मी लिहून घेते आहे: खावटी कोणाकडून यायची, मापात किती मारायचे, दवाखान्यात कोणाला नेलं होतं, झरीला घरातलं कोण गेलं होतं, गवताचा संप चालला तेव्हा चुलीवर काय शिजत होतं. तारखा कोणालाच आठवत नाहीत. भाव सगळ्यांना आठवतात.